शेळगावच्या गाडीला चढ शिकवताना

चिपळूणहून चार दिवस बारामतीला गेलो होतो म्हटलं की आमच्याकडची माणसं विचारतात, "तिथे बघण्यासारखं काय आहे?" मी सांगते, आम्ही चढ बघत होतो. मग ती हसतात. हसू देत. ज्यांनी बारामती-इंदापूरचा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे, आणि ज्यांनी पाहिला आहे ते तर आणखीच हसतील.

आधी कारण सांगते. माझी आई वरच्या वाडीत राहते. आमचं घर खाली, नदीपलीकडे बाजाराजवळ. मधला रस्ता म्हणजे जांभ्या दगडाची उभी चढण आणि तीन वळणं. आईचे गुडघे गेल्यापासून ती दोन वर्षं खाली आलेली नाही. रिक्षावाले अर्ध्यावर हात जोडतात. आमची जुनी छोटी गाडी एकदा हट्टाने चढवली तर पोट फोडून घेऊन आली. वाडीतली पोरं म्हणाली, खुर्चीत बसवून आणतो. आई म्हणाली, "चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं, आणि त्याला अजून वेळ आहे." आठवड्यातून एकदा मी धापा टाकत वर जाते, पण आईला माझ्या घरी राहायला आणायचं म्हणजे उंच, दणकट गाडी हवी होती. नवी झेपणारी नव्हती. शोधता शोधता इंदापूर तालुक्यातल्या शेळगावची एक पांढरी, सात जणांची गाडी मिळाली. मालकाने नवी घेतली होती आणि ही जुनी दारात उभी होती.

गाडी मी चालवते. आमचे हे चालवत नाहीत, काळजी करतात. दोन्ही कामं वाटून घेतलेली बरी.

शेळगाव, गुरुवार

बारामतीच्या स्टँडवर उतरलो तर मालकाचा मुलगा, संजय, न्यायला आला होता. शेळगावपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आणि मधे पोळपाटासारखी सपाट जमीन. आमच्याकडे पुढच्या अंगणातून मागच्या परसात जायचं तर पायऱ्या उतराव्या लागतात. इथे माणूस दोन शेतं पलीकडून ओळखू येतो आणि तिथूनच हाक मारतो. कारखाने चालू होते. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ताभर गाणी लावून निघाले होते आणि संजय प्रत्येकाला हॉर्न देऊन नमस्कार करत होता. पुढे मला कळलं की आमच्या नव्या गाडीचा सगळ्यात झिजलेला भाग हॉर्नच होता.

दारात तात्या उभे होते. संजयचे वडील, सत्तरी ओलांडलेले, पांढरी टोपी, मिशा अजून काळ्या ठेवण्याची हौस. गाडी त्यांनीच अकरा वर्षं चालवली होती. शेजारी काकू. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "चा घेताय का जेवायलाच बसताय?"

जेवलोच. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, भरलं वांगं आणि बुक्कीने फोडलेला कांदा. भात शेवटी आला, आजाऱ्याला वाढावा तेवढा. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकूंच्या ते लक्षात आलं असावं, कारण रात्री पातेलंभर भात समोर ठेवून त्या म्हणाल्या, "खावा आता पोटभर. उपाशी ऱ्हायलं म्हनून कोकनात सांगू नगा."

जेवण झाल्यावर गाडी बघायला गेलो. हे पाठीवर झोपून गाडीखाली शिरले आणि आतूनच ओरडले, "अगं, गंज नाही! कुठेच गंज नाही!" आमच्याकडे खिडकीचे गज, गॅसची शेगडी, शिवणाची सुई, सगळं गंजतं. त्यामुळे कोरड्या हवेतली गाडी बघून ह्यांना फार आनंद झाला. कपड्यांना माती लावून बाहेर आले ते हसतच.

मग मी आत बसले आणि सवयीने हँडब्रेक ओढला. तो हलेना. दोन्ही हातांनी ओढला. तरी नाही.

"ताई, त्ये काय करताय?" तात्यांनी खिडकीतून विचारलं.

"हँडब्रेक ओढतेय."

"त्यो वर येत न्हाय."

"कधीपासून?"

तात्यांनी प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला. "कधी वडल्याचं ध्यानात न्हाय."

"मग गाडी उभी कशी करता?"

"गिअरमधी टाकायची, चाकाला दगड लावायचा. आन् जाणार कुठं ती? समदं सपाट तर हाय!"

त्यात फसवाफसवी कसलीच नव्हती. पायात कधी न घातलेल्या बुटांबद्दल बोलावं तसे ते बोलत होते. पण ह्यांचं हसू गेलं. बाजूला घेऊन मला म्हणाले, "आईंच्या चढणीवर ही गाडी मागे आली तर? खाली दरी आहे. हँडब्रेक धरला तर गाडी घेऊ, नाहीतर इथेच ठेवू." संजयने आपणहून सांगितलं होतं की रविवारपर्यंत वापरून बघा, नाही पटली तर परत घेतो, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. म्हणजे रविवारपर्यंत मुदत. मी आईला फोनवर आधीच सांगून बसले होते की पुढच्या आठवड्यात तुला न्यायला येते. तिने तर पिशवी भरायला घेतली होती.

बारामती, शुक्रवार

गाडी गॅरेजला न्यायची म्हटल्यावर तात्या टोपी घालून पुढच्या सीटवर येऊन बसले. "तिला दवाखान्यात न्यायची तर मी नगं का सोबत?" हे मुकाट्याने मागे बसले.

रशीदभाईंचं गॅरेज बारामतीत वडिलांपासून चालत आलेलं. माणूस गोल, आनंदी आणि स्वतःच्या हुशारीवर खूश. बॉनेट उघडून त्यांनी कपाळाला हात लावला. "तात्या, ही गाडी हाय का पाचटाचा ढीग?" एअर फिल्टरमध्ये उसाचा फड जाळतात त्याची काळी राख बसलेली. एसीच्या पेटीत उंदरानं पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, आणून संसार थाटलेला. रेडिएटरमध्ये कालव्याचं पाणी, ऑइल डांबरासारखं. सर्व्हिसिंगचा तात्यांचा नियम साधा होता. बंद पडली नाही म्हणजे बरी आहे.

जे वापरलं गेलं नव्हतं त्याचीही मजा होती. वायपरचं रबर न वापरताच वाळून तडकलेलं. "पाऊस पडतोय कुठं एवढा?" तात्या म्हणाले. आमच्याकडे चार महिने वायपर बंद करायची सोय नसते. मला एकदम वाटलं, माणसासारखी गाडीही गावची भाषा बोलते. राग यायला हवा होता, पण मला ती गाडी आवडायला लागली ती तिथेच.

रशीदभाईंनी मागची चाकं काढली. हँडब्रेकच्या तारेत उसाच्या रानातला चिखल शिरून वाळून दगड झाला होता. नवी तार पुण्याहून मागवावी लागणार होती, ती दुसऱ्या दिवशी येणार.

"इंजिन म्हणाल तर मी डोळं झाकून उतरवतो," रशीदभाई म्हणाले. "पण ह्या गाडीचा हँडब्रेक करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक तुमीच पयलं. हितं कुणी मागतच न्हाय वो!"

"होईल ना?" ह्यांनी विचारलं.

"व्हय की! न व्हायला काय झालं?" ते इतक्या जोरात म्हणाले की हे आणखीच घाबरले.

दिवस मोकळा मिळाला. संजयची नवी गाडी घेऊन तात्यांनी आम्हाला उजनी धरणाच्या पाण्याकाठी जेवायला नेलं, कोकणातली माणसं म्हणजे मासे पाहिजेत म्हणून. चिलापी नावाचा मासा समोर आला. खाऱ्या पाण्याच्या माणसाने गोड्या पाण्याच्या माशाला नाकं मुरडायची असतात, आणि मी तयारीत होते. पहिला घास घेतला. बाहेरून तिखट, कुरकुरीत, आत दुधासारखा मऊ. काटे तेवढे ताटात उरले. दुसरा मागवला तेव्हा मात्र ह्यांनी तोंडावर रुमाल धरला.

जेवताना तात्या सारखं घाटाचंच विचारत होते. घाटात गाडी मधेच थांबवावी लागते का? थांबवली तर पुन्हा कशी उचलतात? समोरून ट्रक आला तर मागं कोण सरतं? मी भाकरीच्या तुकड्याची गाडी करून ताटाच्या काठावर दाखवलं. एकदा ते एसटीने कोकणात उतरले होते. "घाट सुरू झाला आन् म्या डोळं मिटून घेतलं," ते म्हणाले. "खाली आल्यावर उघडलं. त्यामुळं बघितला न्हाय."

चढाच्या शोधात, शनिवार

तार आली, बसवली, आणि मागच्या ब्रेकची लायनिंगही नवी घातली. रशीदभाईंनी हँडब्रेक ओढून दाखवला, कर्रर्र करून तो वर आला. गॅरेजमधल्या सगळ्यांना आनंद झाला. "झालं काम," रशीदभाई म्हणाले.

"चढावर धरतो का बघू," हे म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चढ कुठे आहे? गावातल्या उड्डाणपुलावर गाडी मधे उभी करून ठेवली तर लोक अंगावर येतील. गॅरेजमध्ये कऱ्हाटीचे एक पाहुणे चहा पीत बसले होते. ते म्हणाले, "आमच्या कऱ्हाटीला चला. चढ बघाल तर घाम फुटंल." हे तात्यांना लागलं. कऱ्हाटी बारामती तालुक्यात, तात्या इंदापूरचे. "चढ बघायचा तर कळसच्या माळाला," ते म्हणाले. "त्याच्याम्होरं कऱ्हाटी म्हंजी काय!"

आम्ही दोन्हीकडे गेलो. कऱ्हाटीला पाहुण्यांनी नदीकडे उतरणारा रस्ता मोठ्या अभिमानाने दाखवला. मी मधोमध गाडी उभी केली. डॅशबोर्डवर काकूंनी दिलेला लाडू ठेवला होता, तो गोल असून जागचा हलला नाही. पाहुणे म्हणाले, "पावसाळ्यात लई चढ वाटतोय, बरं का." त्यांच्या घरी हरभऱ्याचे घाटे खाऊन, चहा पिऊन निघालो.

कळसच्या माळावर पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. पिवळं गवत लांबवर पसरलेलं, आणि त्यातून चार चिंकारा हरणं मान वर करून आमच्याकडे बघत होती. मी पाहिलेलं हे सगळ्यात शांत ठिकाण असेल. तात्यांनी टेकाड दाखवलं. मी चढावर गाडी न्यूट्रल केली, सगळे ब्रेक सोडले. गाडी उभीच राहिली. हरणंसुद्धा कंटाळून निघून गेली.

तात्या खाली उतरून जमिनीकडे बघत राहिले. लहानपणापासून ज्याला ते मोठं टेकाड म्हणत आले होते त्याने चारचौघांत मान खाली घालायला लावली होती. हे त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "तात्या, आमच्याकडे सपाट जागाच नाही. पोरं क्रिकेट खेळतात आणि चेंडू गेला की तो आणायला शेजारच्या गावात उतरतात. तुमचं बरं आहे." तात्या हसले, पण थोडंच.

"उद्या सकाळी सांगतो," ते म्हणाले. "एक जागा हाय."

कालव्याचा भराव, रविवार

ती जागा म्हणजे शेळगावच्या वाटेवरचा कालवा. रस्ता भरावावर चढून पुलावरून पलीकडे जातो. मी पाहून नाक मुरडणार इतक्यात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर आला. चढ सुरू झाला आणि त्याची पुढची चाकं जमिनीवरून उचलली. पूर्ण उचलली. चालवणारा पोरगा हँडलवर वाकून पडला, ट्रॅक्टर मागच्या चाकांवर फुरफुरत वर गेला आणि पुलावर जाऊन धप्पकन टेकला.

"दिसला का चढ?" तात्या म्हणाले.

चढ केवढा, हे तुम्ही मागे काय ओढताय त्यावर असतं. मी तसं तात्यांना म्हणाले आणि त्यांची टोपी पुन्हा सरळ झाली.

पुलाच्या बाजूला कालवा साफ करणारी मशिनं भरावावर चढवायची एक कच्ची वाट होती. ती मात्र कुणीही चढ म्हटला असता असा चढ होता, आमच्या वाडीच्या दुसऱ्या वळणासारखा. रशीदभाई सुट्टी असून हत्यारांची पेटी घेऊन स्कूटरवर आले होते. हे म्हणाले, वजन हवं. आईंचं वजन काही नाही, पण आई एकट्या येणार नाहीत. नारळ, तांदूळ आणि पाटा-वरवंटा घेऊन येणार. मग सोबत आलेल्या काकूंनी घरून डाळिंबाची क्रेटं मागवून चढवली आणि स्वतः मधल्या सीटवर बसल्या. तात्या पुढे. हे बाहेर, बाजूला, हात छातीवर बांधून.

मी वाट अर्धी चढले, थांबले, हँडब्रेक ओढला, पाय उचलला.

गाडी क्षणभर उभी राहिली. मग हळूच, लाजत लाजत मागे सरायला लागली.

"निघाली," तात्या शांतपणे म्हणाले. काकूंनी देवाचं नाव घेतलं. मी पायाचा ब्रेक दाबला. आरशात ह्यांचा चेहरा दिसला आणि तो बघून मला रडूच आलं. आई पिशवी भरून बसली असेल, तिला काय सांगू? मी खाली उतरले तर हे रागावले नव्हते. ते म्हणाले, "अगं, मला पण आणायचंय गं त्यांना." तेवढंच.

रशीदभाईंचा चेहरा उतरला होता. मग ते एकदम कपाळावर हात मारून उठले. "नवी लायनिंग हाय! तिला घासून बसवायला पायजे हुती, आन् म्या घाई केली. चुकलं माझं. मला अर्धा तास द्या."

ते गाडी घेऊन सपाट रस्त्यावर गेले आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी पळवायला लागले. पुढे-मागे, पुढे-मागे. ट्रॅक्टरवाले थांबून बघायला लागले. जळका वास सुटला. मग त्याच भरावाखाली मातीत झोपून त्यांनी तार आवळली. आम्ही लिंबाखाली बसलो होतो. काकू डाळिंबाचे दाणे सोलून माझ्या हातावर ठेवत होत्या.

दुसऱ्यांदा निघाले तेव्हा रशीदभाई म्हणाले, "ताई, मी गाडीच्या मागं उभा ऱ्हातो. एवढी खात्री हाय." सगळ्यांनी एकदम त्यांना बाजूला ओढलं. तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला. आमचे हे, आयुष्यात जत्रेतल्या पाळण्यातही न बसलेले, आत येऊन काकूंच्या शेजारी बसले होते. "चल," म्हणाले. "आईंना बसायचंय त्यात, मग मलाही बसलं पाहिजे."

वाट अर्धी चढले. थांबले. हँडब्रेक ओढला. पाय उचलला.

गाडी उभी राहिली. पाच मिनिटं गेल्यासारखं वाटलं. तरी उभीच. काकूंनी मागून विचारलं, "हलायला परवानगी हाय का?"

आम्ही उतरलो. तात्या सगळ्यात शेवटी उतरले, चार पावलं लांब गेले आणि वळून बघत राहिले. चढावर, चाकाला दगड नाही, आत माणूस नाही, आणि गाडी आपली आपण उभी. त्यांचे डोळे भरले. मला वाटलं गाडी आता जाणार म्हणून. पण ते म्हणाले, "अकरा वर्सं माझ्याकडं हुती. हिला हे येतंय, मला म्हाईतच न्हवतं."

रशीदभाईंनी मजुरी घेतली, पण अर्ध्या तासाची घेतली नाही. काकूंनी डाळिंबं उतरवूच दिली नाहीत. तात्यांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि पाठ करून ऊस बघत उभे राहिले. आम्ही निघालो तरी वळले नाहीत.

वरची वाडी

घाटाचं वर्णन करत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. गाडी उतरली, व्यवस्थित उतरली.

दोन दिवसांनी आम्ही आईला आणायला वर गेलो. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पाटा-वरवंटा खरोखरच तयार होता. तिला पुढच्या सीटवर बसवलं, दाराच्या वरचा दांडा हातात दिला, आणि ती डोळे घट्ट मिटून बसली.

दुसऱ्या वळणावर समोरून गॅसचा टेम्पो वर आला. दोघांना एकदम जाता येईना. हे उतरून त्याला मागे सरायला सांगायला गेले. मी भर उतारावर थांबलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढला, पाय उचलला.

"थांबलो का गो?" आईने डोळे मिटूनच विचारलं.

"थांबलो. उघड डोळे. काही होत नाही."

तिने हळूच डोळे उघडले आणि खाली बघितलं. नदी, पूल, बाजाराची छपरं. मग बोट पुढे केलं.

"ते तुमचं घर."

"इथून दिसतं होय?" मी म्हणाले. मी इतक्या वेळा या वळणावरून गेले होते, पण धापा टाकत, खाली मान घालून.

"दिसतं तर. संध्याकाळी दिवा लावतेस तो पण दिसतो," आई म्हणाली. "काठी टेकत रोज इथवर येते ना मी. पुढचा उतार उतरवत नाही. दिवा लागला की परत जाते."

टेम्पो मागे सरला होता. हे हात हलवून मला बोलवत होते. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून मी गाडी आणखी थोडा वेळ तिथेच उभी ठेवली.